‘बोला’ म्हणता, पण ऐकायला कुणाला बसवलंय? : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400 032

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी नाशिक जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांच्या ओपीडीबाहेर नवा फलक लागला. त्यावर हसरं कुटुंब आहे, मागे उगवता सूर्य आहे आणि ठळक अक्षरांत ओळ आहे : ‘मनातलं बोला, मोकळे व्हा.’ त्याच दिवशी, फलकापासून दहा पावलांवरच्या औषधखिडकीवर क्लोझापिन संपल्याचं कळलं. समुपदेशक ताईंचं कंत्राट संपलं म्हणून त्यांची खुर्चीही रिकामी होती. साठा नियमित राहील असं लेखी उत्तर आम्हा रुग्णांच्या घरच्या लोकांना याआधी मिळालेलं आहे. ते जपून ठेवलंय. केसपेपरवर ‘बाहेरून घ्या’ असा शेरा मिळाला. केसपेपर मात्र फुकट होता. 15 ऑगस्ट 2023 पासून तो फुकट केल्याबद्दल आपले आभार. पुढे आभारांना जागा मिळेलसं दिसत नाही, म्हणून आत्ताच मानून टाकतो.

क्लोझापिन ही काही तापाची गोळी नव्हे, की आज नाही मिळाली तर उद्या घेतली. स्किझोफ्रेनियात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या आजारात, दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे देऊनही गुण आला नाही, तरच ती सुरू होते. सुरुवात 12.5 मिलिग्रॅमने, म्हणजे 25 च्या गोळीच्या अर्ध्या तुकड्याने. मग रक्तदाब, नाडी, ताप बघत थोडी थोडी चढवत न्यायची. तीनशेच्या आसपास पोहोचायला दोन-तीन आठवडे लागतात, घरी राहून चढवायची तर जास्तच. पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी घसरू शकतात. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी 1500 च्या खाली गेल्या की गोळी बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं : 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस थेट द्यायचा नाही. रक्तदाब एकदम पडतो, फिट येऊ शकते. पुन्हा साडेबारापासून जिना चढायचा. म्हणजे आपल्या गोदामात दोन दिवसांची फट पडली की आमच्या घरातले दोन महिने गेले. आवाज परत येतात, रात्रीची झोप जाते, दाराला आतून कडी लागते. साठा ‘चार-पाच दिवसांत येईल’ असं खिडकीवरून सांगणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

बाहेरून घ्या म्हणायला सोपं आहे. तालुक्याच्या मेडिकलवाल्याकडे क्लोझापिन नसते, खप नाही म्हणून तो ठेवत नाही. सुरगाण्याच्या माणसाने नाशिक गाठायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, एक रोज बुडवणं आणि सोबतीला आलेल्या माणसाचाही एक रोज. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 18 आपण वाचलं असेलच. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत, हा त्यात हक्क म्हणून लिहिला आहे. उपकार म्हणून नव्हे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी उपचार घेऊन त्याचा खर्च सरकारने द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. ते बिल कुठल्या खिडकीवर द्यायचं तेवढं कळवा, रांगेत उभं राहायची आम्हाला सवय आहे.

लिथियमची गंमत वेगळी. बायपोलरच्या, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी अशा आजाराच्या, रुग्णाला ते वर्षानुवर्षं चालतं, पण औषध म्हणून उपयोगी आणि विष म्हणून घातक या दोन पातळ्यांमधलं अंतर फार थोडं. रक्तातली पातळी 0.6 ते 1.0 च्या दरम्यान ठेवायची, दीडच्या वर गेली की हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल झोकांड्या खाते. म्हणून दर तीन महिन्यांनी पातळी, सहा महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसानंतर 12 तासांनी काढावं लागतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला हात पुढे करायचा, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच. आता पेठ-सुरगाण्याहून पहिल्या एसटीने निघालेला माणूस नऊला पोहोचत नाही, पोहोचला तरी ही तपासणी बहुतेक वेळा बाहेरच्या लॅबमध्ये. मग डॉक्टर अंदाजाने डोस ठरवतात. त्यात आपला जिल्हा द्राक्षांचा. एप्रिलच्या खरड छाटणीला माणूस दिवसभर उन्हात, घामाने मीठ-पाणी गेलं की लिथियम वर चढतं. संध्याकाळी कंबर धरली म्हणून कुठल्या तरी दवाखान्यातून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मिळते, तीही लिथियम चढवते. ही दोन वाक्यं छापलेला तळहाताएवढा कागद गोळ्यांच्या पाकिटात टाकला तर किती खर्च येईल? हसऱ्या कुटुंबाच्या फलकापेक्षा नक्कीच कमी.

आता ‘बोला’विषयी. साहेब, बोलणं हा उपचार आहे आणि गोळीसारखा त्याचाही डोस असतो. एक बैठक साधारण 50 मिनिटांची. मानसिक आघातावरच्या खास उपचारपद्धतीला अशा 8 ते 12 बैठका लागतात, आठवड्याला एक, आणि समोर दर वेळी तोच माणूस. दार बंद होणारी खोली लागते. आमच्याकडे ओपीडीत एका टेबलाभोवती तीन रुग्ण, त्यांचे सहा नातेवाईक, मधून इंजेक्शनची ट्रॉली. नऊ ते एक म्हणजे 240 मिनिटं. साठ रुग्ण आले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार. चार मिनिटांत झोप-भूक विचारून गोळ्या पुढे लिहिता येतात. नवऱ्याच्या माराबद्दल, चुलत्याने लहानपणी केलेल्या गोष्टीबद्दल त्या टेबलावर कोण तोंड उघडेल? आणि कुणी धीर करून उघडलंच, तर पुढच्या महिन्यात ताईंचं कंत्राट संपलेलं. 11 महिन्यांच्या नेमणुकीवर माणसाचा विश्वास बसवायचा धंदा चालत नाही. नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणजे जखम पुन्हा उकलायची. बहुतेक जण सांगत नाहीत, येणं बंद करतात. आपल्या रजिस्टरमध्ये तो रुग्ण ‘पाठपुराव्यास आला नाही’ म्हणून जातो. सोडून कोण गेलं, हे त्या रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नाही.

आणि बोलायचं कुठल्या भाषेत? ‘उदास वाटतं का, निराश वाटतं का’ अशी प्रश्नावली वाचून दाखवतात. कळवण-सुरगाण्याकडची कोकणा बोलणारी बाई उदास वाटतं असं म्हणतच नाही. ती म्हणते छातीत धडधडतं, अंगाची आग होते, जीव लागत नाही. मालेगावात हेच उर्दूत येतं. प्रश्नावलीत शून्य गुण, बाई बरी! भगताकडे जाऊ नका असं भाषण आम्हाला प्रत्येक शिबिरात ऐकवलं जातं. कोंबडं-नारळ आणि अंगाऱ्याचं समर्थन मुळीच नाही, मारहाण करून भूत उतरवणारा तर तुरुंगातच हवा. पण भगत तिच्याच भाषेत बोलतो आणि निदान तासभर ऐकतो. आपली स्पर्धा त्याच्याशी आहे आणि आपण चार मिनिटांवर आहात.

आघाताची गोष्ट नाशिकला वेगळी सांगायला नको. 27 ऑगस्ट 2003 ची सिंहस्थातली चेंगराचेंगरी, 21 एप्रिल 2021 ची ऑक्सिजन गळती, 8 ऑक्टोबर 2022 ची नांदूर नाक्यावरची जळती बस. दर वेळी मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी समिती बसली. ज्यांनी डोळ्यांदेखत माणूस गुदमरताना पाहिला, ज्या सिस्टरनी पळापळ केली, ज्या पोलिसाने मृतदेह उचलले, त्यांच्याकडे एका महिन्याने कोण गेलं? महिना का म्हणतो, तर पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, झोप उडणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही तसंच राहिलं, माणूस तो रस्ता टाळायला लागला, तर तो आजार. म्हणजे यादी पहिल्या दिवशी करायची आणि दारावर थाप महिन्याने मारायची, मग तीन महिन्यांनी पुन्हा. प्रत्यक्षात होतं उलटं. पहिल्याच दिवशी चार जण वही घेऊन येतात, ‘काय झालं ते सविस्तर सांगा’ म्हणून सगळं वदवून घेतात, फोटो काढतात आणि जातात. अशा एका बैठकीच्या उकरण्याने फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो, हे मानसोपचाराच्या जगात जुनं झालं. रडणाऱ्या बाईला अल्प्राझोलामचं पाकीट देऊन घरी पाठवणं हेही चूकच. आघाताच्या त्रासावर पहिल्या महिन्यात ही झोपेची औषधं देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली सांगितलंय. प्रथमोपचार साधा आहे : पाहा, ऐका, जोडा. कोण सुरक्षित नाही ते पाहायचं, सांगेल तेवढंच ऐकायचं, आणि पाणी, नातेवाईक, फोन, गाडीभाडं यांच्याशी त्याला जोडून द्यायचं. होमगार्डला, कंडक्टरला, घाटावरच्या जीवरक्षकाला एका दिवसात शिकवता येतं.

2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान आहे. घाट, रस्ते, पूल, साधुग्राम, सगळ्याच्या निविदा. या यादीत मनाच्या प्रथमोपचाराचा एक दिवस बसतो का, एवढंच विचारायचंय. बसत नसेल तर सिमेंट थोडं कमी घाला. आणि गर्दी ओसरल्यावर रामकुंडावर, स्टेशनवर जी भरकटलेली माणसं मागे राहतील, त्यांचं काय? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे पोलिसांनी त्यांना संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. न्यायचं खरं, पण ठेवायचं कुठे? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नाशिकच्या वाट्याला कसारा घाट.

आकड्यांचं म्हणाल तर आमचे आकडे ढोबळ आहेत, आधीच कबूल. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती आणि आपलं पुरोगामी महाराष्ट्र त्यात नव्हतंच. त्यातलं 10.6 टक्क्यांचं प्रमाण उसनं घेऊन जिल्ह्यात चाळीस लाख प्रौढ धरले तर सव्वाचार लाख माणसं होतात. लाखामागे 3 मानसोपचारतज्ज्ञ हवेत असं धरलं तर 2011 च्या 61 लाख लोकसंख्येला 183. जनगणना जुनी, टक्का परका, गुणाकार आमचा. चूक असेल तर आपला आकडा जाहीर करा, आम्ही आनंदाने माघार घेऊ. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी केंद्राच्या आराखड्यात वर्षाला 83.2 लाखांपर्यंत तरतूद आहे. भागा 61 लाखांनी. माणशी 1 रुपया 36 पैसे. एवढ्यात पंचवटीत कटिंगही मिळत नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प 14 जिल्ह्यांत सुरू झाला, विदर्भ आणि मराठवाड्यात. तिथे तो हवाच होता. पण निफाडच्या कर्जाला आणि येवल्याच्या कांद्याला काय वेगळा सातबारा लागतो? 2022 साली देशात सर्वाधिक आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात झाली, 22,746. या एका बाबतीत आपण पहिला क्रमांक सोडत नाही.

खरं तर तुम्ही एकटे कशाला, आधीचेही असेच आणि पुढचेही असेच येतील. औषधखरेदीची यंत्रणा बदलते, तिची पाटी बदलते, गोळी तेवढी येत नाही. मनाच्या आजाराला मोर्चा नसतो, हे तुम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्याला आवाज ऐकू येतात तो घोषणा देत नाही, आणि त्याच्या उशाशी रात्रभर बसलेली आई सकाळी मंत्रालयात येत नाही. ती सकाळी त्याची बीडी-काडी लपवते, गोळी जिभेखाली दडवली का ते बघते, क्लोझापिनने शौचाला झाली की नाही ते विचारते (ही बद्धकोष्ठता जीवावर बेतू शकते, हेही तिला कुणी सांगितलेलं नसतं) आणि कामाला जाते. पंधरा-वीस वर्षं. या नोकरीला रविवार नाही, आणि कंत्राट 11 महिन्यांत संपत नाही.

मागणं मोठं नाही. क्लोझापिन, लिथियम आणि स्किझोफ्रेनियाचंच दुसरं औषध रिस्पेरिडोन यांचा तीन महिन्यांचा राखीव साठा जिल्ह्यातच ठेवा, आणि महिन्याभराचा उरला की मागणी आपोआप जाऊ द्या. उपजिल्हा रुग्णालयांत लिथियमची पातळी तपासायची सोय करा. समुपदेशकाची नेमणूक निदान तीन वर्षांची, आणि त्यातली काही माणसं कोकणा व उर्दू जाणणारी. दार असलेली एक खोली. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनुष्यबळ पुरं करायला दिलेली दहा वर्षं 29 मे 2028 ला संपतात. त्या दिवशी वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठेवलात तर फलक आमच्याकडे आहे, नवा छापू नका.

मंगळवारी खिडकीवरून परतलेल्यांपैकी कुणाकडे चार दिवसांच्या गोळ्या होत्या, कुणाकडे एका दिवसाच्या. आज शुक्रवार.

आपले,
काही घरचे लोक, नाशिक

ता. क. : फलकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक छापला आहे, तो 14416. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पण फलक ठोकताना खिळा नेमका शेवटच्या 6 वर बसलाय. तेवढा खिळा कुणाला तरी काढायला सांगा.