आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मग आम्हाला शिकवलंत कशाला?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

साथरोगतज्ज्ञांच्या भरतीच्या जाहिरातीत ‘सार्वजनिक आरोग्य विषयातील पदव्युत्तर पदवी’ ही पात्रता होती. त्या भरवशावर मी अर्ज केला, शुल्क भरलं. काल शुद्धिपत्रक निघालं: वैद्यकीय पदवी अनिवार्य. एका ओळीत आमची अख्खी तुकडी बाद! पदवीदान समारंभात आपल्याच खात्याच्या अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की या पदांवर पहिला हक्क तुमचा. तो शब्द कुठे गेला?

आमचं महाविद्यालय लहान. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र एकच प्राध्यापिका शिकवायच्या, संगणक पाळीपाळीने वापरायचे. पण वर्गात लपायला जागा नव्हती. प्रत्येकाचं सर्वेक्षण त्या ओळ न् ओळ तपासायच्या, आणि प्रश्नावलीतला एक प्रश्न चुकला तरी परत पाठवायच्या. मुलाखतीत मात्र महाविद्यालयाचं नाव ऐकलं की समोरचे फाइल मिटतात. हे मी सोसलंय.

साथीचा माग काढायला डॉक्टरच हवा, हे कुणी ठरवलं? १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला, तेव्हा जॉन स्नो यांनी पंपाच्या पाण्यावर बोट ठेवलं. ते डॉक्टर होते, मान्य. पण ज्या आजारी बाळापासून ती साथ सुरू झाली, त्याच्यापर्यंत पोचले ते हेन्री व्हाइटहेड, एक धर्मगुरू, घरोघरी चौकशी करून. पुढे त्या शहराची गटारव्यवस्था उभारली जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने. १८४२ मध्ये कष्टकऱ्यांच्या अस्वच्छ वस्त्यांवर अहवाल लिहिणारे एडविन चॅडविक वकिलीचं शिक्षण घेतलेले होते, वैद्यकाचं नव्हे. आपल्या शुद्धिपत्रकानुसार हे तिघेही अपात्र!

कोविडच्या साथीत संपर्कातल्या माणसांच्या याद्या करायला आम्ही तुम्हाला चाललो. तेव्हा वैद्यकीय पदवी कुणी मागितली नाही. कंत्राट, मुदतवाढ, पुन्हा कंत्राट, आणि साथ ओसरल्यावर एका ईमेलने घरी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र कंत्राटी नाही, तो दर महिन्याला येतो. वडील आता विचारतही नाहीत. त्यांचं ते गप्प राहणं मला झोपू देत नाही.

आणि हा फक्त आमच्या नोकऱ्यांचा प्रश्न नाही. रुग्णालयाच्या इमारतीची फीत कापता येते. न आलेल्या साथीची फीत कशी कापणार? म्हणून खाटा मोजल्या जातात आणि प्रतिबंधाचा निधी सगळ्यात आधी कापला जातो. देवी रोगाचं उच्चाटन १९८० मध्ये जाहीर झालं, ते काही खाटा वाढवून झालं नव्हतं. रुग्ण शोधायचा, त्याच्या भोवतालच्यांना लस द्यायची, हे काम गावोगाव फिरून माणसांनी केलं. ते करणारी माणसं तयार करायची आणि दारातून परतवायची, ही कुठली व्यवस्था?

अर्जाची मुदत संपण्याआधी शुद्धिपत्रक मागे घ्या. कंत्राटी काळाचा अनुभव ग्राह्य धरा. यातलं काहीच होणार नसेल, तर पुढची तुकडी शुल्क भरण्याआधी या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापा की या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नाही.

आपली,
सार्वजनिक आरोग्याची एक पदव्युत्तर पदवीधर