आवार एक, ताटं वेगळी: कर्नाटकच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, कर्नाटक राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

सीमाभागात काही गावांत सरकारी कन्नड आणि मराठी शाळा एकाच आवारात भरतात. खानापूर तालुक्यात आमच्याकडेही तसंच आहे. अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतल्या मोफत दुपारच्या जेवणाचं, सांबार एकाच पातेल्यात शिजतं, पण ताटं घेऊन पोरं दोन वेगळ्या व्हरांड्यांत बसतात. मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या टीमही कन्नड आणि मराठी अशाच पडतात. हे त्यांना कुठल्या गुरुजींनी शिकवलेलं नाही. मोठ्यांचं बघून ती शिकतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळच्या बाळेकुंद्रीनजीक भाषेवरून बसच्या कंडक्टरला मारहाण झाली. ते वाईटच झालं. पण ज्यांनी ती बस पाहिलीही नाही, अशा पोरांच्या तोंडीही ‘ती लोकं तसलीच’ हे वाक्य आलं. एकदा अशी अढी बसली की माणूस लांब राहतो, आणि लांब राहिल्यावर चांगला अनुभव येणार कुठून? रोजच्या सहवासातल्या माणसाबद्दलचं चुकीचं मत सुधारायला वाव असतो. ज्याला टाळतो त्याच्याबद्दलचं तसंच राहतं.

नुसतं शेजारी बसवून हे सुटत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, काम एक हवं, त्यात एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांचे वर्ग एकत्र झाल्यावर तणाव वाढला. तेव्हा, १९७१ मध्ये, मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून एकेका मुलाला एकेक वाटला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. मुलं एकमेकांना आवडू लागली.

साहेब, नलीकलीमुळे, म्हणजे पहिलीपासूनच्या हसतखेळत शिकण्याच्या पद्धतीमुळे, आपल्या शाळांना गटात शिकणं नवीन नाही. पाचवी ते सातवीला आठवड्यातून दोन तास एकत्र द्या. पावसाची नोंद, गावातल्या विहिरींचा नकाशा, काहीही चालेल. माहिती मात्र निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत असू द्या. आमची मुलं कन्नड शिकतात, शिकलीच पाहिजेत. पण गरज एकाच बाजूला राहिली तर दर्जा समान कसा होणार? आणि हे शिक्षकांच्या हौसेवर सोडू नका. दोन्ही शाळांच्या एसडीएमसींची (शाळा विकास समित्यांची) एकत्र बैठक लावा, बीईओंवर (गटशिक्षणाधिकाऱ्यांवर) जबाबदारी टाका आणि शाळा उघडण्याआधी परिपत्रक काढा, ही कळकळीची विनंती.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक पालक