नफीस मॅडम, टार्गेट गेलं त्याबद्दल थँक्यू

डॉ. नफीस सादिक मॅडम, नमस्कार.

तुम्ही १४ ऑगस्ट २०२२ ला गेलात, पत्र तेव्हाच लिहायचं होतं, राहूनच गेलं. मी रिटायर्ड एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स-सुईण, सगळी नोकरी उपकेंद्रावर झाली, गावात सिस्टर म्हणूनच ओळखतात. तुमची-माझी कधी भेट नाही. पण माझ्या नोकरीचे दोन भाग पडतात, १९९६ च्या आधीचा आणि नंतरचा, आणि त्यामागे तुम्हीही होतात हे मला फार उशिरा कळलं.

आधी कुटुंब नियोजनाचं टार्गेट असायचं. ऑपरेशन इतकी, तांबी इतक्या, गोळ्या इतक्या. मार्च जवळ आला की पोटात गोळा, मीटिंगला नाव घेऊन उभं करायचे, केस कुठंय विचारायचे. एक बाई होती, दोन मुली, धाकटी अंगावर पिणारी, तिला नुसता पाळणा लांबवायचा होता, तांबी बसवता का असं तिने स्वतःहून विचारलं होतं, पण माझ्या ऑपरेशनच्या दोन केस कमी पडत होत्या. मी सासूला पटवलं, तिला विचारलंच नाही. कॅम्पला जाताना जीपमध्ये माझ्या शेजारी बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलली नाही. ते बोट मला अजून दिसतं.

तुमचा जन्म जौनपूरचा, डॉक्टरी शिकलात कलकत्ता आणि कराचीत, मग पाकिस्तानात लष्कराच्या दवाखान्यांत बायका-मुलांचे वॉर्ड सांभाळलेत. म्हणजे खाटेवरची बाई तुम्ही जवळून बघितली होती, मला वाटतं सगळं तिथूनच आलं. १९७१ ला यूएनएफपीएत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीत गेलात, १९८७ ला प्रमुख झालात आणि १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेची सगळी धुरा तुमच्याकडे होती. त्याआधी खुद्द पोपना भेटून बायकांची बाजू मांडलीत. शेवटी १७९ देशांनी मान्य केलं की मूल कधी, किती, हे त्या जोडप्याने ठरवायचं, त्यात जबरदस्ती नको. आपल्याकडच्या महिला संघटनाही किती वर्षं तेच सांगत होत्या, त्यांचेही उपकार आहेतच. एप्रिल १९९६ ला भारतात टार्गेट काढलं.

मग घरोघर जाऊन कुणाला काय हवंय ते विचारून आम्हीच उपकेंद्राचा प्लॅन करायचा असं आलं. एका घरी मी खाटेवर तांबी, माला-डी, निरोध सगळं मांडलं, त्या सुनेने तांबी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, सिस्टर ही आत गंजते का हो? इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण मी कुणाच्या हातात ती दिलीच नव्हती. तासभर बसलो आम्ही.

सगळं सुधारलं असं नाही म्हणणार, टार्गेट शब्द गेला तरी आकड्यांसाठी फोन येतच राहिले, आणि आजही ऑपरेशनला बाईच पुढे असते, पुरुष क्वचित. पण नको म्हणणाऱ्या बाईच्या बाजूने उभं राहायला मला कागदाचा आधार मिळाला.

रिटायर व्हायच्या आधी त्या जीपमधल्या बाईची धाकटी आली होती, लग्न झालेली, एक मुलगा. सासू सोबत होती. मी सासूला बाहेर चहा दिला, दार लोटलं आणि तिला विचारलं, बाळा, तुला काय पाहिजे ते सांग.

थँक्यू मॅडम.

तुमची,
एक सिस्टर