निवारा केंद्रात आडोसा पण द्या, जपानच्या शिगेरु बान यांनी दिला तसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या कोल्हापुरात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं असतं. ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे इथं शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. प्रशासनाच्या बैठका होतात, बोटी, लाईफ जॅकेट, औषधं आणि निवारा केंद्रांची यादी तयार होते, हे सगळं व्हायलाच पाहिजे. पण त्या केंद्रात गेल्यावर माणूस राहणार कसा, बाईमाणसानं कपडे बदलायचे कुठं, यावर कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

२०१९ च्या महापुरात मी एका शाळेतल्या कॅम्पवर मदतीला जात होते. जेवणाची ददात नव्हती, कोल्हापूरकरांनी भाकऱ्यांचे ढीग पाठवले होते, साड्या आल्या, चादरी आल्या. पण एका हॉलमध्ये इतकी कुटुंबं, मध्ये काहीच नाही. एक बाळंतीण होती, बाळाला पाजायचं म्हटलं की तिची नणंद दोन्ही हातांनी ओढणी धरून उभी राहायची. वयात आलेल्या पोरी ओल्या कपड्यात तशाच बसून होत्या कारण बाथरूमला ही लाईन. म्हातारी माणसं रात्रभर लाईट चालू म्हणून झोपायची नाहीत. घर पाण्यात गेलेलं असतंच, वर चार लोकांच्या नजरेत दिवसरात्र राहायचं, हा त्रास कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिच्यामुळं मला शिगेरु बान हे नाव कळलं. हे जपानचे आर्किटेक्ट, जन्म १९५७ चा टोकियोचा, २०१४ ला त्यांना प्रित्झ्कर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा समजला जाणारा पुरस्कार मिळाला, म्हणजे आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना २०१८ ला मिळाला तोच. फ्रान्समधल्या मेट्झ गावात त्यांनी पाँपिदू म्युझियमची इमारत केली आहे, तिचं लाकडी छप्पर विणलेल्या चिनी बांबूच्या टोपीवरून सुचलेलं. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते वेगळ्याच कामात, पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या.

झालं असं की १९८६ ला त्यांना टोकियोत एका प्रदर्शनाची मांडणी करायची होती आणि लाकूड परवडेना, शिवाय चार दिवसांनी फेकून द्यायचं लाकूड वापरणं त्यांना पटेना. ऑफिसमध्ये कागदाच्या रोलच्या आतल्या नळ्या पडलेल्या होत्या, त्या त्यांनी वापरल्या आणि त्या चांगल्या मजबूत निघाल्या. मग टेस्टिंग करून करून त्यांनी या नळ्यांची घरं बांधली, चर्च बांधलं. १९९४ ला रवांडातले लाखो लोक निर्वासित झाले तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाकडून ताडपत्री मिळायची, आधाराला लोक झाडं तोडायचे, जंगलं संपायला लागली म्हणून ॲल्युमिनियमचे पाईप दिले तर लोकांनी ते विकून टाकले आणि परत झाडं तोडली. बान स्वतः जिनिव्हाला जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांना भेटले आणि म्हणाले पुठ्ठ्याच्या नळ्या वापरा. या नळ्या कोण विकत घेणार, म्हणून त्या तंबूलाच राहतात. मला हे फार पटलं कारण यात गरिबाला चोर ठरवलेलं नाही, तो असं का करतो ते समजून घेऊन उपाय काढलाय.

१९९५ ला जपानातल्या कोबेच्या भूकंपानंतर घरं गेलेल्यांसाठी त्यांनी बिअरच्या क्रेटमध्ये वाळू भरून पाया केला आणि वर नळ्यांच्या भिंती उभ्या केल्या. तिथंच स्वयंसेवकांच्या हातून नळ्यांचं एक चर्च उभं राहिलं, तात्पुरतं म्हणून बांधलेलं, ते दहा वर्षं टिकलं आणि नंतर सुटं करून तैवानला नेऊन परत उभं केलं. बान यांचं म्हणणं असं की पैशासाठी बांधलेली काँक्रीटची इमारत पण तात्पुरतीच असते, उद्या दुसरा बिल्डर येऊन पाडतो, आणि लोकांनी जीव लावला तर कागदाची पण कायमची होते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला भूकंपात मोठं चर्च मोडलं, तिथं पण २०१३ पासून त्यांचं पुठ्ठ्याच्या नळ्यांचं चर्च आहे, सातशे माणसं बसतात त्यात.

आपल्या देशात पण ते येऊन गेलेत. २००१ च्या भूज भूकंपानंतर तिथं जी घरं केली त्यात बिअरचे क्रेट नव्हते, पडलेल्या घरांचा राडारोडाच पायाला घातला आणि वरून मातीची जमीन सारवली. छपराला बांबूच्या कमानी, त्यावर चटई, मध्ये प्लॅस्टिक आणि परत चटई. दोन्ही टोकांच्या चटईला बारीक भोकं, त्यातून हवा खेळते आणि चुलीचा धूर पण बाहेर जातो, जाता जाता डास पण पळवतो. जिथं जे मिळतं आणि तिथल्या माणसाला जे बांधायला येतं त्यातनंच घर करायचं, ही त्यांची रीत.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढंच आहे. २०११ ला जपानला भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा लोक शाळांच्या जिममध्ये राहत होते, अगदी आपल्यासारखेच. बान यांनी तिथं पार्टिशन लावले. जाड नळ्यांना भोकं पाडून त्यांचे खांब, त्या भोकातून बारीक नळ्या आडव्या घातल्या की चौकट तयार, आणि त्यावर कापडाचे पडदे, ते पण सेफ्टी पिनांनी लावलेले. खिळा नाही, हातोडी नाही, शिडी नाही. दोनतीन माणसं थोड्या वेळात एक खोली उभी करतात, कुटुंब मोठं असेल तर दोन जोडायच्या. पन्नासएक केंद्रांत मिळून अठराशेच्या आसपास खोल्या झाल्या. सुरुवातीला काही अधिकाऱ्यांनी नको म्हटलं होतं, पडद्याआड काय चाललंय ते कळणार नाही, लक्ष ठेवता येणार नाही म्हणून. मग एका गावात एका शिक्षकाने हो म्हटलं आणि तिथून पुढं रस्ता मोकळा झाला. आता जपानात कितीतरी नगरपालिकांनी त्यांच्या संस्थेशी आधीच करार करून ठेवलेत, म्हणजे संकट आलं की नळ्या निघाल्याच. २०२२ ला युक्रेनचे लोक पोलंडला आले तेव्हा तिथंही हेच पार्टिशन लागले.

आता आपल्याकडं बघा. कापडाचे रोल ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या हव्यात, तर इचलकरंजी किती लांब आहे? कापड पण तिथंच. पडद्याला फाडलेल्या साड्या नकोत, एकसारखं जाड कापड असू दे, माणसाला त्यात बरं वाटतं, बान पण पडद्याच्या कापडाकडं आणि दिसण्याकडं बारीक लक्ष देतात कारण संकटात सापडलेल्या माणसाला चांगलं दिसणारं काही मिळू नये असं थोडंच आहे. पुठ्ठा भिजेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की हे छपराखाली, हॉलच्या आत लावायचं आहे. आगीची भीती मात्र खरी आहे, त्यामुळं स्वयंपाक, उदबत्ती, डासांची कॉइल पडद्यापासून लांब आणि ये-जा करायला मध्ये रुंद वाट सोडायची, हे अग्निशमनवाल्यांना बोलावून आधीच ठरवून घ्यावं.

सुतारवाड्यातल्या लोकांना पाणी वाढलं की चित्रदुर्ग मठात हलवतात, चिखली आंबेवाडीची माणसं हलतात, शिरोळ तालुक्यात तर गावंच्या गावं. ही ठिकाणं दरवेळी तीच असतात, मग तिथं सामान आधी का ठेवता येऊ नये? जिल्हा प्रशासनाला आणि महापालिकेला विनंती की यंदा निदान एका निवारा केंद्रापुरता एक संच करून बघा. आपल्या शहरात आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, पोरं आनंदाने करतील, फक्त पहिला संच लावताना पूरभागातल्या बायकांना बोलवा आणि पडदा किती उंच पाहिजे, पाजायला वेगळी जागा कुठं पाहिजे, ते त्यांना विचारा. नळ्या कुठून मिळतील, काय भावाने, याची चौकशी मी आणि आमच्या गल्लीतल्या महिला करून द्यायला तयार आहोत, पण हे जूनच्या आत व्हायला पाहिजे, एकदा पाणी चढलं की मग कोणाला वेळ नसतो.

आपली नम्र,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर