नानांच्या इंजेक्शनबद्दल

ती. आई-नानांना,
सा. न.

नाना, तुम्हाला न विचारता मी काल डॉक्टरांना 'इंजेक्शनच द्या' असं सांगून टाकलं. ऑपरेशन एकदाच होतं आणि स्वस्तात होतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. वृषणं काढली की दिवसभरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, खाली येतं आणि प्रोस्टेटच्या गाठीचं खाद्य तुटतं. डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ सालीच हे दाखवलं. पण काढलेलं परत बसवता येत नाही. इंजेक्शन अगदीच झेपेना, तर डॉक्टरांना विचारून थांबवता येतं. एवढ्यासाठी हट्ट केला. रागावू नका.

इंजेक्शन काम कसं करतं ते सांगतो, म्हणजे धास्ती राहणार नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तो दीड-दोन तासांनी जीएनआरएच या संप्रेरकाची एकेक हाक देतो. हाक आली की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते, आणि एलएच पोचला की वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. खरी किल्ली दोन हाकांमधल्या विश्रांतीत आहे. अर्न्स्ट नोबिल यांच्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९७८ साली ऱ्हिसस माकडिणींवर हे दिसलं: तासाला एकदा जीएनआरएच दिलं तर पिट्युटरी चालू, अखंड दिलं तर गप्प. नरांचंही तसंच, आपलंही. तुमचं इंजेक्शन, म्हणजे ल्युप्रोलाइड २२.५ मिलिग्रॅम, तीन महिने अखंड हाक देत राहतं, म्हणून पिट्युटरी ओ देणं सोडते.

मात्र गप्प होण्याआधी पहिले आठ-दहा दिवस ती उलट जोरात चालते आणि टेस्टोस्टेरॉन चढतं. तेवढ्यात गाठीला ते मिळू नये म्हणून बायकॅल्युटामाइड ५० मिलिग्रॅमची गोळी आहे. आजपासून रोज एक, ठरल्या वेळेला. इंजेक्शन पुढच्या सोमवारी, आणि गोळी त्यानंतरही तीन आठवडे. बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायची नाही. या दिवसांत पाठ जास्त दुखली, पायातली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री मिरजेला दवाखान्यात.

आई, नानांना एकदम गरम होऊन घाम फुटेल. तो ताप नव्हे. संप्रेरक उतरल्यावर मेंदूला उष्णतेचा अंदाज येईनासा होतो. सुती बनियन बदलायला हाताशी ठेव, कपाळावर ओली पट्टी ठेव, माझ्या तापात ठेवायचीस तशी. ते चिडतील, गप्प बसतील, थकतील. मनावर घेऊ नकोस.

हाडं विरळ होतात, म्हणून कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, ड जीवनसत्त्व लिहून दिलंय तसं, आणि नाचणीची भाकरी. नाना, संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालायचं, आणि हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. स्नायू यानेच टिकतात. पोट सुटतं, साखर वाढते, तेव्हा चहात साखर अर्धाच चमचा. इच्छा कमी होईल. ते औषधामुळे, तुमच्यात काही उणं म्हणून नव्हे.

महिन्याने रक्त तपासू. टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली आलं पाहिजे. पैशांचा विषय काढायचा नाही. रविवारी रात्री येतो. फाइल आणि बोन स्कॅनची फिल्म पिशवीत भरून ठेवा.

तुमचा,
पिंटू