डावपेच की लबाडी? बाबांना पत्र

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

ती. बाबा आणि आईस सा. न.

मी मजेत आहे. थंडी खूप आहे, पण घरात हीटर असतो आणि आईने विणलेला स्वेटर अंगातच असतो. जेवतोही वेळेवर. काळजी नसावी.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुझी ती टीम लबाड आहे म्हणे?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी टीम म्हणजे पेट्रियट्स, अमेरिकन फुटबॉलची. 2007 साली पेट्रियट्सच्या माणसाने जेट्स या दुसऱ्या टीमच्या कोचांनी खेळाडूंना केलेल्या खुणा मैदानाच्या कडेने कॅमेऱ्यात टिपल्या. तिथून शूटिंगला लीगची मनाई होती. पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचिकना पाच लाख डॉलर दंड झाला, टीमला अडीच लाख. ती लबाडीच, त्याची बाजू मी घेत नाही.

पण जानेवारी 2015 मधला बाल्टिमोरविरुद्धचा सामना बघा. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या टीमच्या अकरांपैकी पाच जणांना पास, म्हणजे पुढे फेकलेला चेंडू, झेलता येत नाही. एरवी हे पाच म्हणजे मधले धिप्पाड गडी. बेलिचिकनी धिप्पाड चारच ठेवले आणि पाचवा म्हणून शेन व्हेरीन हा चपळ गडी लांब बाजूला उभा केला. हा झेलणार नाही, असं पंचांनी माइकवरून जाहीरही केलं. तरी समोरचे गोंधळले आणि पास गेला भलत्याकडेच! आमच्या घरमालकांनी पिझ्झाच्या खोक्यावर अकरा गोळे काढले, व्हेरीनच्या गोळ्यावर फुली मारली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. चौदा गुणांनी मागे पडलेले पेट्रियट्स 35-31 ने जिंकले. बाल्टिमोरचे कोच जॉन हार्बॉ संतापून मैदानात आले, तर पेनल्टी त्यांनाच बसली. लीगने डाव वैधच ठरवला. मार्चमध्ये नियम बदलून ती वाट बंद केली, पण तोवर ती उघडी होती ना? नियमांचं पुस्तक सगळ्यांना सारखंच मिळतं. ज्याने नीट वाचलं त्याला चोर कसं म्हणायचं?

विनू मंकडांनी 1947 साली सिडनीत बिल ब्राउनला धावबाद केलं, त्यावर तुम्हीच म्हणायचात की क्रीज सोडलं ब्राउनने, मंकडांचा काय दोष. माझंही तेच म्हणणं आहे.

आणि आई, मी मॅच बघायला जातो म्हणजे पीत बसतो असं नाही. घरमालक साठीचे आहेत, त्यांच्या बायकोच्या हातचं सूप असतं.

पैसे सोमवारी पाठवलेत. ताईच्या हॉलचा ॲडव्हान्स त्यातून द्या, उरतील त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी उरका. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला येता येणार नाही, व्हिसाचं काम अडकलंय. दादा सुट्टी काढतोय, खर्च सगळा मी देतो. लग्नाला मात्र काही झालं तरी येणार, ताईला सांगा.

मुलीचा फोटो पाहिला. चांगली वाटते. इकडे यायची तिची तयारी आहे का, हे आधी तिलाच विचारा. मी किती वर्षं इथे राहीन ते अजून माझंच ठरलेलं नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा. लपवू नका.

बाबा, डॉक्टरांची तारीख मिळाली की लगेच कळवा, रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल.

तुमचा,
समीर