मावशी, तुमच्या उरेब पट्टीसाठी

समोरच्या मावशींना सप्रेम नमस्कार,

गोधडी काल पुरी झाली. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे आधी" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांत लिहितेय. परभणीतल्या एका गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या हातात केवढी विद्या आहे, ते लोकांनाही कळू दे.

मला काय शिवायचंय ते पहिल्या दिवशी तुम्हाला नीट सांगताही आलं नव्हतं. आईच्या वाकळीसारखं तुकड्याला तुकडा जोडायचा नव्हता. पाच बाय सात फुटांचं, काळ्या रानाच्या रंगाचं एकच कापड आणि त्यावर फक्त आपल्या नद्या. पैठणकडून येणारी गोदावरी, मंजरथला तिला मिळणारी सिंदफणा, दुधनेला पोटात घेऊन येणारी पूर्णा, खाली बालाघाटात उगवणारी मांजरा. पुण्यात वाढणाऱ्या भाचीच्या अंगावर आपला मुलूख असावा, एवढंच मनात होतं. नद्या काढायच्या होत्या आईच्या निळ्या इरकलीतून, जिथं ती विरली नव्हती तिथून.

मी इरकलीच्या उभ्या पट्ट्या कापल्या. गोदावरी जवळजवळ सरळ जाते, तिथं निभावलं. मांजरा मात्र लातूर ओलांडून पुढं कर्नाटकातून तेलंगणात शिरते आणि एकदम उत्तरेला वळते. त्या वळणावर पट्टी ऐकेना. आत चुण्या, बाहेर ताण. तीनदा उसवली. चौथ्यांदा पट्टीच फाटली, तेव्हा सगळा गुंडाळा काखेत मारून तुमच्या दारात आले.

लग्नसराईचे दिवस होते. खुंटीवर ब्लाउजांच्या पिशव्या लटकलेल्या. तरी तुम्ही मशीन थांबवलंत.

"काय करायलीस गं हे?" म्हणालात आणि इरकलीचा तुकडा माझ्या हातात दिलात. "उभं ओढ." ओढलं, हललं नाही. "आडवं ओढ." जरासं सरकलं. "आता कोपऱ्याला धरून तिरपं ओढ." कापड माझ्या हातात लांबलं. "ह्याला उरेब म्हणतात. गळ्याला सरळ पट्टी कशी बसंल? नदीलाबी नाही बसायची."

उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर धागा स्वतः ताण घेतो, तिरपं ओढलं की विणीतले चौकोन कलंडतात आणि कापड वाट देतं. म्हणून पट्टी बरोबर 45 अंशांत कापायची. हे सगळं तुम्ही बोलून नाही, ओढायला लावून शिकवलंत. इरकलीच्या बारीक चौकड्यानं तर कोन मोजायचंही काम ठेवलं नाही. पट्टीवर चौकडा उभा दिसला तर पट्टी सरळ, शंकरपाळीसारखा टोकावर दिसला तर उरेब. अजूनही कुठलंही चौकड्याचं कापड दिसलं की मी आधी शंकरपाळ्या शोधते.

एक पट्टी कापून दाखवलीत आणि कात्री माझ्या हातात दिलीत. दहा मिनिटांत सगळ्या कापून दिल्या असत्यात, तर तुमचाही वेळ वाचला असता. तसं केलं नाहीत, त्याबद्दल सगळ्यात मोठे आभार.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी तुमच्याकडं. एक इंचाची पट्टी, दोन्ही कडा मागं दुमडून अर्ध्या इंचाची. तुमच्या पाटीवर हिशेब केला तेव्हा एका चौरस मीटर कापडातून अशी 39 मीटरच्या आसपास पट्टी निघते, हे बघून मी थक्क झाले. जोड तिरपा घ्यायचा, म्हणजे सगळी जाडी एका जागी येत नाही. कापण्याआधी कापडाला हलकी खळ द्यायची. इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची. मी ओढली आणि सिंदफणा लाटांसारखी वेडीवाकडी झाली, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, नुसती नवी पट्टी पुढं सारलीत. दुकानातला बायस टेप, म्हणजे तयार मिळणारी उरेब पट्टी, गोधडीच्या काठाला चांगला, पण नदीला नाही, असं आता माझंही ठाम मत झालंय. त्यात जुन्या लुगड्याचा मऊपणा नसतो.

मांजरेचं वळण तुम्ही कसं बसवून घेतलंत ते मला विसरता येणार नाही. आधी आतली, आखूड बाजू शिवायची. मग बाहेरची बाजू बोटानं हळूहळू लांबवत खाली दाबायची. तुमचा अंगठा माझ्या अंगठ्यावर होता. पट्टी सरकली, वळली आणि कापडावर सपाट झोपली. एक चुणी नाही.

आणि ते दुसरं: "ओढे आधी, गंगा शेवटी." आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. सिंदफणा, पूर्णा, मांजरा आधी शिवून त्यांची उघडी टोकं गोदावरीच्या पट्टीखाली घालायची, मग वरून गंगा शिवायची. टोक दिसत नाही, दोराही निघत नाही.

मग खाली मांजरपाट, मध्ये आईच्या दोन सुती साड्या, आणि नद्यांच्या काठाकाठानं हातानं धावदोरा. काठाला सरळ पट्टीही चालली असती, पण तुम्ही कोपरे गोल करायला लावलेत, म्हणून तिथंही उरेबच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. शिलाईचे नाही तर निदान वेळेचे घ्या म्हटलं, तर पाकीट माझ्याच पिशवीत परत घातलंत.

मंजरथपाशी एक टाका जरा बाहेर आलाय. मला दिसतोय म्हणजे तुम्हाला दिसणारच. गुरुवारी संध्याकाळी गोधडी घेऊन येते. उसवायचं ते तुमच्यासमोर बसून उसवते.

तुमची,
समोरच्या घरातली